पुढचं बाकडं आणि हिरवी अक्षरं

माझे बाबा बहिरे आहेत हे मला बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं. आमच्या घरात आई बाबांशी बोलायची ती आवाज न काढता. ओठ हलायचे, भुवया उडायच्या, कधी हातातला पळा हवेत फिरायचा, आणि बाबांना सगळं समजायचं. नवरा-बायको असंच बोलतात अशी माझी समजूत होती. शेजारच्या खोलीतली काकू नवऱ्यावर घसा ताणून ओरडायला लागली की मला वाटायचं, हिला बोलायची रीत माहीत नाही. बाबा साचेखात्यात होते, म्हणजे मिलच्या विणकामाच्या खात्यात. एका छपराखाली एवढे माग धडधडत असत की तिथे कानांचा काहीच उपयोग नसे. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत, बोटांनी खुणा करत, आणि त्यातच थट्टामस्करी, शिव्या, लग्नाची बोलणी सगळं उरकत. काही वर्षांनी कान जात. पण सगळ्यांचेच जात असल्यामुळे ते गेलेत याचा कोणाला पत्ता नसे. बाबांचा स्वतःचा आवाज मात्र असा, की ते जिन्यात 'गो नलू' म्हणाले तर मी समोरच्या चाळीतून 'ओ' द्यायची.

मग संप झाला. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आठवते ती आमच्या खोलीची जमीन. चाळ मिलच्या भिंतीला लागून, त्यामुळे माग चालू असताना फरशीत एक बारीक थरथर कायम असायची. मडक्यातल्या पाण्यावर कडं उठायचं. संपात ती थरथर थांबली आणि बाबांची झोप उडाली. रात्री उशीवरून कूस बदलत म्हणायचे, "कायतरी बंद पडला गो." आवाजाची सवय कानांना नव्हतीच; ती पाठीला होती. मिल पुन्हा धडपणे सुरू झाली नाही. आणि तेव्हा बाहेरच्या जगात साचेखात्यातली माणसं बहिरी ठरली. बाहेर कोण ओठांकडे बघू देतो? रेशनवाला मान खाली घालून बोलतो, बँकेतला माणूस काचेमागून बोलतो. माझ्या बापाने कधीही 'मला ऐकू येत नाही' असं म्हटलं नाही. 'ऐकतंय, ऐकतंय' म्हणायचे आणि मान हलवायचे.

आमचं पोट आईच्या खानावळीवर चालत होतं. तळमजल्यावरची लांबट खोली चाळीच्या कमिटीकडून भाड्याने घेतलेली, बाबांच्या नावावर. संपाआधी तिथे दोन्ही बाजूंना पाट मांडून पंगतीवर पंगती उठत. घाटावरचे आणि कोकणातले एकटे कामगार आईच्या हातचं जेवून पाळीवर जात. संपानंतर त्यातले कितीतरी गावी गेले ते गेलेच. पण आईने चूल विझवली नाही. गिरणीकामगारांच्या जागी वॉचमन आले, टेम्पोवाले आले, कुरिअरची पोरं आली. सकाळी आडोळीवर खोबरं खरवडल्याचा खरखर आवाज, मग पाट्यावर वाटप, मग बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडली की तो वास जिन्याने वर चढायचा. सोमवारी काळ्या वाटाण्यांची उसळ. उरलेल्या भाताची पेज संध्याकाळी जो कोणी दारात येईल त्याला. आई अध्यक्ष नव्हती, सरचिटणीस नव्हती, तिच्या गळ्यात कधी हार पडला नाही. पण संपात त्या गल्लीत माणसं उपाशी झोपली नाहीत ती तिच्या आणि तिच्यासारख्या बायांच्या चुलींमुळे, हे मी आज लिहून ठेवते आहे.

मी स्वतः पत्रकांवर वाढले. लाल, गुलाबी, पिवळी पत्रकं आमच्या डब्यांत तळाशी अंथरलेली असत, खिडकीच्या फटीत खोचलेली असत, माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं. त्याचं कारणही बाबांचे कान. ते प्रत्येक सभेला जायचे आणि अगदी पुढे बसायचे, पण पुढारी बोलायला उभा राहिला की त्याच्या तोंडापुढे माईक यायचा. ओठच दिसेनासे व्हायचे. सगळ्या मैदानाला ऐकू जावं म्हणून आणलेल्या त्या यंत्राने माझ्या बापाचं होतं ते ऐकणंही बंद केलं. म्हणून सभा संपली की ते पत्रकं गोळा करून आणत आणि घरी दिव्याखाली ओठ हलवत वाचत, की आज आपण कशासाठी घोषणा दिल्या. मी त्यांच्या मांडीवर बसून अक्षरं शिकले. 'अ' अननसाचा नव्हता माझा. 'अन्यायाचा' होता.

अशी मुलगी पुढे काय करणार? कॉलेजात गेल्यावर मीच पत्रकं लिहायला लागले. गिरगावातल्या एका वाडीत जिन्याखाली एक छापखाना होता, तिथे उभ्या उभ्या मजकूर लिहून द्यायची. सगळ्यात जहाल पत्रक मी लिहिलं ते संगणकाच्या विरोधात. 'माणसं गिळणारी पेटी' असं मथळ्यात होतं. आज ते वाचताना त्यातली भाषा मला जरा घशात अडकते, पण मुद्दा अडकत नाही. ऑफिसांतून माणसं जात होती, आणि त्या पेटीचं नाव पुढे करून घालवली जात होती. ते मी आजही म्हणेन.

त्याच महिन्यात शकू टॅक्सीच्या टपावर तीन पेट्या बांधून चाळीत आली.

शकू आमच्या मागच्या चाळीतली. विहारातल्या वर्गात टायपिंग शिकली, परीक्षेत पहिली आली, आणि फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, तोंडाने फटकळ आणि स्वतःच्या बोटांचं तिला भारी कौतुक. "माझी बोटं बघितलीस? आमचे साहेब विचार करायच्या आत मी टाइप करून मोकळी," असं ती कोणालाही सांगायची, अगदी मासे विकणारीलासुद्धा. त्या ऑफिसात एक मोठा संगणक होता आणि त्याला वायरने जोडलेले बरेच पडदे, प्रत्येकाला आपापला कीबोर्ड. टर्मिनल म्हणायचे त्याला. कारभार मराठीत करायचा हुकूम निघाला तेव्हा मराठी अक्षरं उमटवणारे पडदे मागवले गेले. मग नवीन संगणक आले आणि ते सगळे पडदे मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगारात निघाले. शकूने भंगारवाल्याशी भांडून त्यातले तीन सोडवले.

"हे इथे नाही ठेवायचं," मी खानावळीच्या दारात आडवी उभी राहिले.

"का गं? तुझी क्रांती अडखळून पडेल?"

"शकूताई, या पेट्यांनी माणसं घालवली."

"मग आता यांनाही घालवलंय ऑफिसातनं. तुझ्या हिशेबाने हे पण कामगारच झाले. बाजूला हो, हात दुखतायत माझे."

टॅक्सीवाला हसला. आई आतून ओरडली, "नलग्या, वाट सोड! कढीत माती जातली!" आणि त्या पेट्या आत आल्या. शकूच्या खोलीत तिच्या भावाचा संसार, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून.

एक पडदा कधीच लागला नाही. आईने त्याच्यावर पोळपाट ठेवला. दुसरा लागला, आणि चालू केल्यावर त्याची पाठ ऊबदार होते हे आईच्या दोन दिवसांत ध्यानात आलं. तिने त्यावर फडक्यात गुंडाळून दह्याचं भांडं ठेवलं. थंडीतसुद्धा असं घट्ट दही लागलं की आई शकूला म्हणाली, "ह्या तुझा मशीन शाणा आसा." सरकारने ज्याच्यासाठी एवढा कारभार केला त्याचा हा पहिला खरा उपयोग, असं शकू सगळ्यांना सांगायची. तिसऱ्याचा उपयोग तिने स्वतः काढला. संगणकाला जोडला नाही तरी टाइप केलेलं त्याच्यावर उमटतं, हे तिला माहीत होतं. तो तिने खानावळीच्या खिडकीत तोंड बाहेर करून ठेवला आणि ऑफिसला जाताना काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहून जायला लागली: 'आज. बांगडा तिखलं. सोलकढी. भात. चपाती हवी असल्यास आधी सांगणे. सुरमई विचारू नये.' गिऱ्हाईक वाढलं. पोरं नुसती वाचायला यायची. मी त्या खिडकीसमोरून मान वळवून जायची.

आता त्या रविवारचं सांगते.

आमच्या चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष तात्या पेडणेकर. कुठल्याशा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस अगदीच वाईट नव्हता, गणपतीत राबायचा, पण चाळीचं भलं फक्त आपल्याला कळतं अशी त्याची खात्री होती. त्या दिवसांत घरोघर केबल येत होती. केबलवाल्याला यंत्रं ठेवायला तळमजल्यावर खोली हवी होती आणि बदल्यात तो साऱ्या चाळीला फुकट कनेक्शन द्यायला तयार होता. तळमजल्यावर भाड्याने दिलेली अशी एकच खोली. रविवारी सकाळी चौकात सभा झाली. आई चुलीपुढे, मी गिरगावात छापखान्यात. सभेत मत एका खोलीला एक, आणि ते घरच्या पुरुषाचं. पुढच्या बाकड्यावर साचेखात्यातली म्हातारी माणसं नेहमीसारखी बसली होती, बाबा, त्यांचे दोस्त राणेकाका आणि बाकीचे. पुढे बसलं की नीट कळतं हा त्यांचा जुना समज. आणि समोर तात्या, तोंडापुढे माईक धरून.

ठराव मांडला गेला: खानावळीची खोली केबलवाल्याला द्यावी. मागे थोडी कुजबुज झाली. तात्या म्हणाले, ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा. पुढच्या बाकड्यावरचा एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळे. माझ्या बापानेही हात वर केला. स्वतःच्या बायकोची चूल उठवायला, ताठ कोपराने, शाळेत करतात तसा. ते बघून मागच्यांनी विचार केला, खुद्द खानावळवाल्या परबांचीच हरकत नाही तर आपलं काय? ठराव पास.

पुढे कितीदा तरी ह्याची चौकशी झाली. राणेकाका म्हणाले, "मी परबाक बघून केलय." बाबा म्हणाले, "मी राण्याक बघून केलय." बाबांना वाटलं होतं की पाण्याच्या टाकीला रंग काढायची गोष्ट चालली आहे. ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. साचेखात्यात शेजाऱ्याचा हात उठला की आपला उठलाच पाहिजे. धागा तुटला, माग थांबव, मुकादम आला, सगळं त्या हातावरून कळायचं. शेजाऱ्याच्या हातावर विश्वास ठेवून त्यांनी जन्म काढला होता. संपातही ते एकत्र राहिले ते त्याच सवयीने. मी ह्या सवयीला हसू शकत नाही.

पण त्या दुपारी बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी परत आले ती चाळीच्या दारातच बातमी कळली. धावत जाऊन बाबांवर ओरडायला लागले, आणि रागाने बोलणाऱ्याचे ओठ वाचता येत नाहीत. ते माझ्याकडे बघत 'ऐकतंय, ऐकतंय' म्हणत राहिले. आईने तर वेगळंच केलं. तिने त्यांच्याकडे पाठ केली. बहिऱ्या माणसाशी अबोला धरायला एवढं पुरतं. ती त्यांना वाढायची ते तोंड भिंतीकडे करून. भाताचं ताट पुढे सरकायचं, आणि तिचा अंबाडा दिसायचा. दोन जेवणांतच बाबांचं तोंड एवढंसं झालं. घरात त्यांच्यासाठी दिवा मालवल्यासारखं झालं होतं आणि तो कोणी मालवला ते त्यांना कळत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी शकू ऑफिसातून आली. तिने हा सगळा प्रकार दाराला टेकून पाहिला. मग खिडकीतला पडदा उचलून आत आणला, बाबांच्या समोर पाटावर ठेवला, वायर लावली आणि मांडी घालून बसली. 'आज. काळ्या वाटाण्याची उसळ' पुसलं. लिहिलं: 'भाऊ, वाचताय ना?'

"वाचतंय," बाबा म्हणाले.

'रविवारी तुम्ही हात वर केलात. तो ठराव काकीची खोली केबलवाल्याला द्यायचा होता.'

हिरवी अक्षरं एकेक करून पुढे सरकत होती आणि बाबांचे ओठ त्यांच्या मागून. शेवटच्या शब्दापाशी ते थांबले. परत पहिल्यापासून वाचलं. मग त्यांनी आपला उजवा हात वर उचलून त्याच्याकडे पाहिलं, जणू तो कोणा दुसऱ्याचा आहे. "माका कोणी सांगलाच नाय," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण ते वाक्य खानावळीच्या बाहेर गेलं नाही. आई चुलीपुढे होती. तिने वळून पाहिलं नाही, पण वाटपाचा हात थांबला.

जेवायला बसलेल्यांत एक कदम नावाचा टेम्पोवाला होता. वातावरण मोकळं करावं म्हणून असेल, तो शेजाऱ्याला हळूच म्हणाला, आजची आमटी जरा पाणचट आहे. शकूची बोटं चालूच होती. पडद्यावर आलं: 'कदम म्हणतोय आमटी पाणचट.'

"कदमा, उठ पानावरना!" बाबा गरजले.

पंगत हादरली आणि मग अशी हसली की कदमाच्या नाकातून भात आला. बाबाही हसले. मला आठवतं, मी हसता हसता थबकले. कारण माझ्या उभ्या आयुष्यात मी बाबांना पंगतीत दुसऱ्याच्या बोलण्यावर हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी सगळ्यांचं हसून झालं की हसायचे.

त्या दिवसापासून शकू रोज जेवताना अर्धा तास टाइप करायची. पत्रक वाचून काल काय झालं ते कळतं. इथे होत असतानाच कळत होतं. राणेकाका यायला लागले, मग बाकीचेही आले, ताटं घेऊन पडद्यासमोर अर्धगोल करून बसायचे. मी शकूला म्हटलं, एवढं सगळं बोलणं तू पकडतेस कसं? तर म्हणाली, "माणसं बोलतात त्यात निम्मं 'म्हणजे', 'तर', 'काय आहे की' असतं. ते मी गाळते. उरलेलं माझ्या बोटांना कमीच पडतं." आणि मग आवाज खाली आणून, "एक मात्र आहे हां. मला जे ऐकू येईल ते सगळं जाणार. कोणाचं झाकायचं, कोणाचं दाखवायचं हे मी ठरवायला लागले तर मी ऑपरेटर कसली? मग मी तात्या झाले."

मी पुष्कळ पुढारी पाहिले. तत्त्व इतक्या थोड्या शब्दांत मांडणारा त्यांत एकही नव्हता.

आमच्या कमिटीत मागच्या सभेचा ठराव पुढच्या सभेत वाचून कायम करायचा रिवाज होता. खरं तर ती नुसती रीत. कोणी लक्षही द्यायचं नाही. पण तोवर खोली केबलवाल्याला मिळणार नव्हती. मी चिडून पत्रक लिहिलं, चाळीच्या प्रत्येक दाराखाली सरकवलं. लोकांनी वाचलं असेल. शकूने दोन्ही चालू पडदे वायरने एकमेकांना जोडले. आता एकावर टाइप केलं की दुसऱ्यावर उमटत होतं. दह्याचं भांडं त्या दिवशी आईने स्वतः उचलून खाली ठेवलं, न सांगता.

दोन आठवड्यांनी, पुढच्या सभेच्या रविवारी सकाळी शकू व्यासपीठाच्या कडेला, तात्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसली. दुसरा पडदा कॅरमच्या टेबलावर, पुढच्या बाकड्यासमोर.

"सभेत टीव्ही कशाला?" तात्यांनी विचारलं.

"टीव्ही नाही तात्या, फळा आहे. फक्त ह्याचा खडू प्लगमध्ये घालावा लागतो."

"परवानगी घेतलीस?"

"फळ्याची परवानगी कधीपासून लागायला लागली? गणपतीच्या वर्गणीचा फळा लावता तेव्हा माझी घेता?"

लोक हसले. तात्यांनी हात झटकला. पण खरी अडचण वेगळीच निघाली. चौकात ऊन आलं आणि हिरवी अक्षरं दिसेनाशी झाली. म्हातारे डोळे बारीक करून पुढे वाकले. मी धावत वर गेले, कपाटामागून मोर्चातला माझा काळा झेंडा काढला आणि पडद्यावर सावली धरून उभी राहिले. संगणकाविरुद्ध मी तो झेंडा फोर्टात नेला होता. शकूने वर पाहिलं, हसली, आणि ते हसू पुढे कितीतरी वर्षं वापरलं. माझी काही तक्रार नाही. झेंडा कुठे उभा करायचा हे जागा बघून ठरवावं लागतं, हे मला तिथे हात भरून आले तेव्हा उमगलं.

तात्या माईक धरून बोलायला लागले. पुढच्या बाकड्यावर कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे टेबलाकडे बघत होते. फुकट कनेक्शन, पोरांना ज्ञान, बायकांना करमणूक, हे सगळं हिरव्या अक्षरांत उतरत गेलं. माझा हात अवघडला. मग ठराव वाचायच्या आधी तात्यांनी माईक बाजूला केला आणि शेजारच्या सेक्रेटरीकडे झुकून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. सभेत कोणालाच नाही. फक्त हातभर अंतरावर बसलेल्या शकूला.

तिची बोटं एक क्षण थांबली. मी झेंड्याखालून तिच्याकडे पाहिलं. मग ती चालली.

'तात्या, सेक्रेटरीला, हळू: पुढच्या बाकड्याची काळजी नको. एकाचा हात वर गेला की सगळ्या बहिऱ्यांचे जातात.'

ओठ हलले. आधी राणेकाकांचे, मग बाबांचे, मग ओळीने सगळ्यांचे. वाचून झालं तरी ते पडद्याकडेच बघत होते. मागच्या लोकांना कळेना, म्हातारे असे गप्प का झाले. त्या चौकातल्या ज्यांना कान होते त्यांतल्या कोणाला काही माहीत नव्हतं, आणि ज्यांना नव्हते त्यांना सगळं माहीत होतं.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात रोवून, सावकाश.

"तात्यानू," ते म्हणाले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायका कठड्यापाशी आल्या. "हात वर जातले. पण आता वाचून जातले."

"काय? कसलं वाचून?" तात्या गडबडले. "मी काय म्हटलं? मी तसलं काही म्हटलंच नाही."

शकूने तेही टाइप केलं: 'तात्या: मी तसलं काही म्हटलंच नाही.' दोन्ही ओळी एकीखाली एक, हिरव्यागार. तोवर मागचे लोक उठून टेबलाभोवती जमले होते. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. वरच्या मजल्यावरून एक म्हातारी ओरडली, "काय लिवलंय रे? आमाला पण सांगा!" आणि खालून चार जणांनी एकदम सांगितलं.

सेक्रेटरीने हलक्या आवाजात ठराव वाचला. कायम करायचा असेल त्यांनी हात वर करावेत. केबलचा मोह लोकांना नव्हता असं नाही. मागे दोनचार हात उठलेही. पण त्या दिवशी सगळ्या चौकाने आधी पुढच्या बाकड्याकडे पाहिलं. बाकड्यावर हात होते ते गुडघ्यांवर पालथे, मागाच्या नळ्या भरून मोठे झालेले अंगठे, सुताने कापलेली बोटं. एकही हलला नाही. मागचे उठलेले हात कोणी डोकं खाजवायला नेले, कोणी मिशीला. ठराव पडला.

केबलवाल्याला पुढे शेजारच्या चाळीत खोली मिळाली आणि कनेक्शन आमच्याकडे आलंच, फुकट नाही एवढंच. तात्या चार महिने खानावळीसमोरून गेले नाहीत आणि नंतर एका सोमवारी उसळ खायला येऊन बसले. आईने त्यांना वाढलं. शकूने ते दोन पडदे गिरणगावभर फिरवले, करी रोडला, परळला, जिथे जिथे जुने साचेवाले बैठकीला जमत तिथे, हातगाडीवर घालून. एकेका ठिकाणी तिला बघायला गर्दी व्हायची. हल्ली माझ्या नातीच्या फोनवर बोललेलं आपोआप उमटतं. तिला त्यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नये हेच बरं. पण त्या फोनला कुजबुज पकडायची हिंमत आहे का, ते मी अजून तपासलेलं नाही.

सभा मोडली तेव्हा दुपार झाली होती. आम्ही पडदे खानावळीत आणले. शकू घाम पुसत कीबोर्डवर बोटं ठेवून बसली होती, सवयीने. मी झेंड्याची घडी घालत होते. बाबा दारात उभे राहिले, आत येऊ की नको अशा बेताने. आई चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले, आणि पंधरवड्यात पहिल्यांदा तोंड त्यांच्याकडे केलं. ओठ हलले. आवाज नाही. भुवई जराशी वर गेली आणि खाली आली.

"काकी काय म्हणाली गं?" शकूने मला विचारलं. तिच्या कानांना काहीच लागलं नव्हतं.

मी वाचलं होतं. आई म्हणाली होती, 'हात धुवन येवा. त्या हातांनी आता जेवा.'

"जेवायला बोलावलं," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

शकूने मान हलवली आणि पडद्यावर लिहिलं, 'भाऊ, जेवायला बोलावलंय.' पण ते वाचायला बाबा तिथे होते कुठे? ते केव्हाच मोरीवर हात धुवायला गेले होते.